मोटारीचे वंगण आणि इंजिनातला गाळ



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, की हा विषय गॅरेजमधल्या मिस्त्रीचा; अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने त्यात कशाला पडावे? शंका रास्त आहे. परंतु मोटारीचे इंजिन अकाली निकामी झाले, तर त्याचे बिल मिस्त्री भरत नाही, मालक भरतो. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात मोटारीचा मालक म्हणजे आता कोणी जहागीरदार नव्हे. कुणा शिक्षकाने कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली असते, कुणा तरुणाने प्रवासी जीप घेतलेली असते, कुठे भावाभावांनी मिळून ट्रॅक्टर घेतलेला असतो. हप्ते फिटण्याआधीच इंजिन बसले, तर त्या घराचे वर्षच बसले म्हणायचे. म्हणून हा प्रश्न यंत्राचा आहे तितकाच घरखर्चाचाही आहे.

आपल्या वाडवडिलांना वंगणाचे महत्त्व कुणी शिकवावे लागले नाही. बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की गाडीवानाला कळे, वंगण संपले. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. ते आधी कुरकुरत नाही. ज्या दिवशी कुरकुरते, त्या दिवशी बहुधा वेळ निघून गेलेली असते.

इंजिनातले ऑईल चार कामे करते. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून ते झीज थांबवते. पिस्टनची व बेअरिंगची उष्णता वाहून नेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवते. आणि आत तयार होणारी काजळी, धूळ, धातूचा कीस आपल्यात सामावून घेते. म्हणजे ऑईल हे तेलही आहे आणि धुण्याचे पाणीही आहे. धुण्याचे पाणी आपण किती दिवस वापरू, हाच खरा प्रश्न.

आरंभीच्या काळात इंजिनांत आपले ओळखीचे एरंडेलही वापरीत. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा १९०९ साली एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडले, आणि पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमाने एरंडेलावर उडाली. वंगण म्हणून एरंडेल उत्तम. पण खूप तापले की ते डिंकासारखे चिकट होते. आजची ऑईले त्याहून पुष्कळ टिकाऊ आहेत. तरीही तापले, हवा लागली, घाण मिसळली की ऑईल बिघडते, हा नियम काही बदललेला नाही.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे लगेच पटेल. रस उकळताना वर येणारी मळी वेळच्या वेळी काढली नाही, तर गूळ काळा पडतो. इंजिनात मळी काढायला कोणी उभा नसतो. जळलेल्या इंधनाचे वायू रिंगांच्या बाजूने थोडे थोडे खाली उतरतात. त्यांच्याबरोबर काजळी येते, न जळलेले पेट्रोल येते, आम्ले येतात आणि पाणी येते. ऑईलमधली औषधी द्रव्ये काही काळ या सर्वांना तोंड देतात. ती संपली की काळा, चिकट गाळ धरू लागतो. मोटारीच्या धंद्यात याला स्लज म्हणतात. हा गाळ चेंबरमधल्या जाळीवर आणि ऑईलच्या बारीक वाटांत बसतो. वाट अडली की बेअरिंगला ऑईल मिळत नाही, आणि मग इंजिन जाम होते.

कुणी विचारील, "अहो, सोलापुरात उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, प्यायला पाणी मिळत नाही, आणि इंजिनात पाणी कुठून येणार?" तर ते पेट्रोलमधूनच येते! पेट्रोलमधल्या हायड्रोजनचे जळताना पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे पाऊण ते एक लिटर पाणी तयार होते. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून थेंब ठिबकतात, ते हेच पाणी. बहुतेक वाफ होऊन बाहेर जाते. थोडे चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगले तापले तर तेही उडून जाते. मात्र लक्षात ठेवा, काट्यावर पाणी गरम झालेले दिसले म्हणजे ऑईलही तापले असे होत नाही. ऑईल तापायला त्याहून बराच वेळ लागतो.

आता एक हिशेब करू. समजा, एका गुरुजींची शाळा घरापासून चार किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन आठ किलोमीटर, वर्षातले अडीचशे दिवस. म्हणजे वर्षाला दोन हजार किलोमीटर. गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे, दहा हजार किलोमीटरला ऑईल बदला. गुरुजी म्हणतील, "पाच वर्षांची निश्चिंती झाली!" पण त्याच ओळीत पुढे लिहिलेले असते: "किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते." ते शेवटचे चार शब्द वाचायचे राहतात आणि तिथेच घात होतो. चार किलोमीटरांत ऑईल कधी पुरते तापतच नाही. पाणी आणि पेट्रोल आत साचत राहते. रोज तुळजापूरची पंचेचाळीस किलोमीटरची वाट धरणारी गाडी अधिक धावते, पण तिचे ऑईल गुरुजींच्या गाडीपेक्षा निरोगी राहते.

दुसरा हिशेब उसाच्या हंगामातला. कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. रांग पुढे सरकेपर्यंत पुष्कळजण इंजिन चालूच ठेवतात. चाक फिरत नाही, पण इंजिन झिजतच असते. म्हणूनच ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरांत नसून तासांत असतो. मोटारीसाठीही एक ठोकताळा आहे: उभ्या जागी एक तास चाललेले इंजिन म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर धाव धरावी. जवळच्या फेऱ्या, उभ्याने चालणे, धुळीचा रस्ता, जड ओझे, यांना पुष्कळशा कंपन्यांच्या पुस्तकांत "कठीण परिस्थिती" म्हटलेले असते आणि तेथे मुदत कमी करायला सांगितलेले असते. आपल्याकडे कठीण परिस्थिती हीच रोजची परिस्थिती आहे. तेव्हा पुस्तकातला तो लहान अक्षरांतला तक्ता आपल्याचसाठी छापलेला आहे असे समजा.

आता फिल्टर. अगदी जुन्या मोटारींना ऑईलचा फिल्टर नसेच. १९२३ साली अमेरिकेत प्युरोलेटर नावाचा फिल्टर निघाला आणि ऑईल अधिक काळ वापरणे शक्य झाले. परंतु फिल्टर धूळ आणि कीस अडवतो; ऑईलमध्ये विरघळलेले आम्ल किंवा पेट्रोल अडवू शकत नाही. शिवाय फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक झडप उघडते, आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. गाडी चालत राहते, मालकाला काही कळत नाही. म्हणून नवे ऑईल आणि जुना फिल्टर ही जोडी लावू नये. स्वच्छ धोतर नेसून चिखलात बसण्यासारखेच ते आहे. हवेचा फिल्टरही विसरू नका. कच्च्या रस्त्याची धूळ इंजिनात शिरते ती त्याच दारातून.

हे दुखणे अडाण्यांचे, असे मात्र कोणी समजू नये. १९९७ ते २००२ या काळातल्या काही टोयोटा इंजिनांत असाच गाळ धरल्याच्या तक्रारी अमेरिकेत आल्या. कंपनी आधी मालकांच्या देखभालीकडे बोट दाखवी, मालक इंजिनाकडे. अखेर २००२ साली कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी आठ वर्षांपर्यंत अशी दुरुस्ती करून देण्याचे मान्य केले. मात्र मालकाने देखभालीचा वाजवी प्रयत्न केलेला असावा, अशी अट होती. यातून आपण एवढेच घ्यावे की ऑईलची पावती रद्दीत टाकू नये.

मग करायचे काय? आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ऑईलची काडी काढा, पुसा, पुन्हा घालून पाहा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्या वर नको. डिझेल गाडीचे ऑईल लवकर काळे होते, त्याला भिऊ नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण झाकणाखाली ताकासारखा पांढुरका थर दिसला आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर मिस्त्रीला गाठा. चालत्या गाडीत ऑईलचा तांबडा दिवा लागला, तर "पुढच्या गावात पाहू" म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन तत्काळ बंद करा.

ऑईल पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच, सीलबंद डब्यातले घ्या, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाका, म्हणजे त्यात कोणी भेसळ भरून विकणार नाही. जळके ऑईल विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नका. आणि इंजिनात गाळ साचलाच असेल, तर जालीम औषध घालून तो एकदम सोडवू नका. सुटलेले तुकडे जाळीत अडकतात. थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा ऑईल व फिल्टर बदलावे, किंवा जाणत्या मिस्त्रीकडून चेंबर उघडून साफ करावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गणिताच्या तासाला मुलांना घरच्या गाडीचा हिशेब करायला सांगा: तारीख, किलोमीटर किंवा तास, पुढची मुदत. एक चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवली की काम झाले. काही हजारांचा हा खर्च दोन महिने पुढे ढकलला, तर बचत झाल्यासारखी वाटते. पण ती बचत नव्हे, व्याजाने काढलेले कर्ज आहे. आणि ते वसूल करायला इंजिन आले, म्हणजे ते मुद्दलासकट, एकरकमी वसूल करते.