पाणबुडी, मच्छीमार आणि भरपाई
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दर्यावर पोट असलेल्या आपल्या समाजास वारा, लाट आणि खडक यांचे भय पूर्वापार ठाऊक आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते पाण्याखालून येणाऱ्या भयाविषयी.

दि. २२ नोव्हेंबर १९९० रोजी स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत 'अँटारेस' या मच्छीमार बोटीचे जाळे ब्रिटिश पाणबुडीस अडकले. जाळ्यासह बोट खाली ओढली गेली व चारही खलाशी बुडाले. दि. १५ एप्रिल २०१५ रोजी आयरिश समुद्रात 'कॅरन' ही बोट अशीच उलटी फरफटली. माणसे वाचली, परंतु पाणबुडी आपलीच होती हे ब्रिटिश सरकारने कबूल केले ते सप्टेंबरात! कबुलीच नसेल, तर भरपाई मागावी कोणाकडे?

हवाई बेटांजवळ दि. ९ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेची 'ग्रीनव्हिल' पाणबुडी एकाएकी वर उसळून 'एहिमे मारू' या जपानी मत्स्यशाळेच्या नौकेवर आदळली. ३५ पैकी ९ जण दगावले. त्यांत ४ विद्यार्थी व २ शिक्षक होते. आमची हयात शाळेत गेली. ही वार्ता आम्हांस विसरवत नाही. तेथे दोष उघड होता. अमेरिकेने क्षमा मागितली, २००२ साली एहिमे प्रांतास सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर दिले आणि कुटुंबांशीही भरपाईचे करार केले.

हे संकट परक्या मुलखापुरते नाही. दि. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर 'मार्थोमा' ही मासेमारी नौका व आपल्या नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. १३ खलाशांपैकी ११ वाचले, दोघे गेले.

बंधूंनो, भरपाई ही भिक्षा नव्हे, हक्क आहे. परंतु हक्कास पुरावा लागतो. म्हणून नाखवांस आमची विनंती की, प्रत्येक फेरीपूर्वी खलाशांची व त्यांच्या वारसांची नावे लिहून किनाऱ्यावर ठेवावीत. नौकेची नोंदणी व विमा यांत खंड पडू देऊ नये. तांडेलाने वेळ व ठिकाण टिपत जावे. अपघात होताच तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर कळवावे. भगिनींनी ही कागदपत्रे दागिन्यांप्रमाणे जपावीत, आणि शिकलेल्या तरुणांनी प्रत्येक बंदरावर हे लेखनकार्य अंगावर घ्यावे.

गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. परंतु केवळ एका कागदावाचून त्याची मुले शाळेतून उठू नयेत, इतके तरी आपल्या हाती आहे.