दुसरी पसंती मागायला लाजू नका

(ताथवडे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आज ज्या ताथवड्यात बसलो आहोत, ते माझ्या तरुणपणी शेतीवर जगणारे गाव होते. आज येथे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत, शेजारी हिंजवडी आहे आणि भाड्याच्या सदनिकांतून विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेले पदवीधर राहत आहेत. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांच्या पदवीधर मतदारसंघाचे मतदार होण्याचा त्यांतील अनेकांना हक्क आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांना आहे. 2020 साली निवडून आलेल्या सदस्याची मुदत 2026 च्या डिसेंबरापर्यंतची. तेव्हा या मतदारसंघाचा विचार निवडणूक दारात आल्यावर करून भागणार नाही. आज मला बोलायचे आहे ते मतदान कसे होते आणि त्यात आपल्यासारख्या लहान पक्षांचे व अपक्षांचे स्थान काय, याविषयी.

विधानसभेला आपण एका नावापुढील बटण दाबतो आणि मोकळे होतो. येथे तसे नाही. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. निम्म्याहून अधिक वैध मतांचा कोटा कोणीच गाठला नाही, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. याचा अर्थ असा की लहान पक्षाला दिलेले मत वाया जाते, हा विधानसभेच्या वेळी आपल्याला पदोपदी ऐकावा लागणारा युक्तिवाद येथे लागूच पडत नाही. निदान पडू नये.

या पद्धतीचे ऋण आपल्यावर मोठे आहे. 1946 साली संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांतून याच संक्रमणीय मताने निवडले गेले. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची ताकद नव्हती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत गेले ते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने, बंगालमधून. बहुमत ज्याचे, सर्व जागा त्याच्या, असा नियम असता तर ही वाट त्यांना मिळाली असती का, याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. पहिल्या मोजणीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मते पडली. कोटा कोणाचाच भरला नाही. देशमुख आणि इतर किरकोळ उमेदवार बाद झाल्यावर गिरी 4,20,077 वर गेले आणि रेड्डी 4,05,427 वर. सुमारे 88 हजारांचे अंतर पंधरा हजारांच्या आत आले. देशमुख हरले खरे. पण त्यांच्या मतदारांनी राष्ट्रपती कोण व्हावा या अखेरच्या प्रश्नावर आपले मत नोंदवले आणि निकाल जवळजवळ फिरवला. हरलेल्या उमेदवाराच्या मतदारालाही शेवटपर्यंत बोलता येते, हे या पद्धतीचे मर्म होय.

आता आपल्या मतदारसंघाकडे येऊ. 2014 साली येथे चंद्रकांत पाटील यांनी राष्ट्रवादीचे सारंग पाटील यांचा अवघ्या दोन-अडीच हजार मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत क्रांतिवीर जी. डी. बापू लाड यांचे चिरंजीव अरुण लाड अपक्ष उभे होते आणि त्यांना मिळालेली मते त्या फरकाच्या कित्येक पटींनी अधिक होती. त्यांच्या मतदारांनी पुढील पसंती मुक्तहस्ताने लिहिली असती, तर निकाल या बाजूला वा त्या बाजूला निर्णायकपणे झुकला असता. 2020 साली तेच अरुण लाड आघाडीचे अधिकृत उमेदवार झाले आणि 1,22,145 मते घेऊन पहिल्याच पसंतीत विजयी झाले. संग्रामसिंह देशमुख यांना 73,321 मते मिळाली. रिंगणात साठाहून अधिक उमेदवार होते, पण या दोघांखेरीज कोणालाही दहा हजारांचा पल्ला गाठता आला नाही. मोठ्या पक्षांनी यातून धडा घेतला तो तिकीटवाटपाचा. पसंतीक्रमाचा धडा कोणीच घेतला नाही. आपणही घेतला नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. याच मतदारसंघातून जनता दलाचे प्रा. शरद पाटील एकेकाळी विधान परिषदेवर गेले होते, हे आपण विसरता कामा नये.

येथे मला स्वतःची एक कबुली द्यावयाची आहे. मागे एका पदवीधर निवडणुकीत एका लहान पक्षाच्या उमेदवाराचे पत्रक मी लिहिले होते. त्यात ठळक अक्षरांत छापले होते: 'फक्त 1 लिहा, दुसरे काहीही लिहू नका.' मतमोजणीला मी प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसलो होतो. आमचा उमेदवार बाद झाला आणि त्याच्या मतपत्रिका पुढे वाटण्यासाठी उघडल्या गेल्या. एकामागून एक मतपत्रिकेवर केवळ 1 होता. कर्मचारी त्या एका बाजूला रचत गेले. आमचे मतदार प्रामाणिक होते, सांगितले तसे वागले; आणि माझ्या शहाणपणामुळे अखेरच्या निवाड्यात ते मुके ठरले. त्या गठ्ठ्याकडे पाहताना मला जी लाज वाटली ती पराभवाची नव्हती.

असे आपण का करतो? एक तर समज असा की दुसरी पसंती लिहिली की पहिलीचे वजन घटते. हा निव्वळ गैरसमज आहे. एका जागेच्या निवडणुकीत आपला पहिला उमेदवार रिंगणात आहे तोवर दुसऱ्या पसंतीकडे कोणी पाहतसुद्धा नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. दुसऱ्या कोणाचे नाव घेणे म्हणजे निष्ठेत भेसळ, असे आपल्याला वाटते. ऑस्ट्रेलियात पक्ष आपापल्या मतदारांच्या हाती संपूर्ण पसंतीक्रम छापलेले कार्ड देतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तेथे 2022 साली कूयाँग मतदारसंघात अर्थमंत्री पहिल्या पसंतीत पुढे होते. पण इतर पक्षांच्या पुढील पसंतींवर अपक्ष मोनिक रायन निवडून आल्या.

मात्र या पद्धतीत लहानांना आयते घबाड मिळते, असेही मी म्हणणार नाही. 12 जुलै 2024 रोजी आमदारांनी विधान परिषदेच्या अकरा जागांसाठी मतदान केले. 274 मते, कोटा 23. शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील यांना पहिल्या पसंतीची 12 मते मिळाली आणि ते पडले. भाजपच्या यादीतील सदाभाऊ खोत यांची पहिली पसंती त्यांच्याहून फारशी जास्त नव्हती. पण स्वपक्षाच्या इतर उमेदवारांची जादा मते शिस्तीने त्यांच्याकडे आली आणि ते तरले. दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्याच्याजवळ पहिल्या पसंतीचा पाया नाही, तो दुसरी पसंती पोहोचण्याआधीच बाद होतो. आणि मोठ्या मित्राने तोंडी दिलेली दुसरी पसंती ही मतपत्रिकेवर लिहिली जाईपर्यंत पसंती नव्हेच.

तेव्हा करावयाचे काय? पहिले काम नोंदणीचे. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. जुने नाव आपोआप पुढे येत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेला आणि येथे राहणारा प्रत्येक तरुण, मग तो मूळचा यवतमाळचा असो की लातूरचा, आपण गाठला पाहिजे. कंत्राटी नोकरी, घरभाडे, शिक्षणकर्ज हे त्याचे प्रश्न आपले आहेत. पहिली पसंती तेथूनच येईल. दुसरे काम लोकशिक्षणाचे. एक ऐवजी खूण केली, आकड्याऐवजी अक्षरे लिहिली किंवा दोघांपुढे 1 लिहिला की मत बाद होते. शिकलेल्यांच्या या मतदारसंघात हजारो मते अशी बाद होतात.

तिसरे काम अवघड आहे. आपल्या मतदारांची दुसरी पसंती कोणाला, हे आपण उघडपणे ठरवावे, लेखी अटींवर ठरवावे आणि पत्रकात छापावे. कंत्राटी कामगारांबद्दल, शिक्षकभरतीबद्दल जो लेखी शब्द देईल त्याला आपली दुसरी पसंती. कोणीच देणार नसेल तर तेही मतदाराला सांगावे आणि निवड त्याच्यावर सोपवावी. आणि इतर लहान पक्षांच्या, अपक्षांच्या मतदारांकडे जाऊन 'पहिली तुमच्या उमेदवाराला द्या, दुसरी आम्हाला द्या' असे विनासंकोच म्हणावे. दाराआड केलेल्या सौद्यापेक्षा छापून दिलेला पसंतीक्रम अधिक स्वच्छ असतो.

पत्रक लिहिण्याचे काम यापुढे तरुणांनी करावे. माझी विनंती इतकीच, की 'फक्त 1 लिहा' हे वाक्य त्यात पुन्हा येऊ देऊ नका.