दुसरा स्तन काढावा काय?



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही असे आपण समजतो. म्हणूनच तो येथे मांडीत आहे. स्तनात गाठ लागली तरी बाई ती लपवते. दुखत नाही म्हणून महिने जातात. मग निदान होते आणि घाबरलेले घरचे लोक डॉक्टरांना सांगतात, "दोन्ही काढून टाका, पुन्हा भीती नको." हे प्रेमापोटीच असते. पण ते शास्त्राला धरून आहे काय, हे तपासले पाहिजे.

एका स्तनाचा कर्करोग सहसा दुसऱ्या स्तनात पसरत नाही. दुसऱ्या बाजूला झालाच तर तो बहुधा नवा कर्करोग असतो. जिवाला खरा धोका असतो तो पहिल्या गाठीतील पेशी हाडे, यकृत, फुप्फुसे येथे पोहोचण्याचा. निरोगी स्तन काढल्याने हा धोका कमी होत नाही.

२०२४ साली कॅनडातील संशोधकांनी अमेरिकेतील एक लाखाहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. केवळ गाठ किंवा एकच स्तन काढलेल्यांपैकी २० वर्षांत सुमारे ७ टक्के स्त्रियांना दुसऱ्या बाजूला कर्करोग झाला. दोन्ही काढलेल्यांत तो १ टक्क्याहूनही कमी होता. परंतु स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तिन्ही गटांत सारखेच, १६ ते १७ टक्के होते. म्हणजे दुसरा रोग टळला, पण आयुष्य वाढले नाही.

याला अपवाद आहे. १९९४ आणि १९९५ साली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांचा शोध लागला. त्यांत जन्मजात दोष असलेल्या रुग्ण स्त्रीला दुसऱ्या स्तनाचा धोका बराच जास्त असतो. बीआरसीए-१ मध्ये २० वर्षांत तो सुमारे ४० टक्के आढळला आहे. अशा स्त्रीने दुसरा स्तन काढण्याचा विचार करणे योग्यच आहे. तिला बीजाशयाच्या कर्करोगाचाही धोका असतो, त्याचाही सल्ला घ्यावा. कमी वयात रोग झाला असेल, किंवा घराण्यात स्तनाचा वा बीजाशयाचा कर्करोग असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून माहेरची माहिती देताना आत्याला विसरू नये.

इतरांनी काय करावे? पहिल्या रोगाचा उपचार पुरा करावा. दुसऱ्या स्तनाची दरवर्षी तपासणी व मॅमोग्राफी करावी. ज्यांचा रोग संप्रेरकांवर वाढणारा आहे, त्यांनी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी सांगितली असल्यास मध्येच सोडू नये. तीच दुसऱ्या बाजूचा धोकाही कमी करते. दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे दुसरी जखम, जास्त खर्च, आणि जखम चिघळली तर केमोथेरपी लांबणीवर. गेलेली संवेदना बहुधा पूर्णपणे परत येत नाही.

एवढे समजूनही एखादी भगिनी दुसरा स्तन काढायचे ठरवील, तर तो तिचा अधिकार आहे. मात्र निर्णय तिचा असावा. नवऱ्याचा, सासूचा किंवा भीतीचा नसावा. निदानाच्या दिवशीच तो घेण्याची घाई नसते.

आपण नवी मुंबईकर या बाबतीत नशीबवान आहोत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि त्याच टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आपल्या खारघरला आहे. याच केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित महिलांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आईला, मावशीला, आत्याला एवढे विचारा: तपासणी केव्हा केलीस? हा प्रश्न विचारायला लाजू नका. लवकर सापडलेल्या गाठीत पुष्कळदा एकही स्तन पूर्ण काढावा लागत नाही.