विजेचा शेजारधर्म
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय विजेचा आहे. परंतु यंत्रशास्त्राचे पांडित्य आमच्याजवळ नाही. आम्ही शाळामास्तर; वर्गात सांगावे तसेच सांगू.

धान्य कोठारात साठविता येते. वीज मात्र अद्याप फार थोडी साठविता येते. जितकी खपते तितकी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. या जुळणीची खूण म्हणजे प्रवाहाची सेकंदास ५० आवर्तने. जाळ्यातील सर्व जनित्रे या एकाच तालावर फिरतात. एक केंद्र बंद पडले तर उरलेली त्याचा भार उचलतात. जाळे जितके मोठे तितका हा आधार मोठा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या सोलापूरहून रायचूरला जाणारी वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाच्या तालात आले. हे एका राष्ट्राच्या आत झाले. निरनिराळ्या राष्ट्रांनी हे कसे साधावे, याचा धडा युक्रेनच्या उदाहरणात आहे.

युक्रेनचे जाळे सोव्हिएत काळापासून रशियाशी जोडलेले होते. ज्याच्याशी वितुष्ट, त्याच्याच हाती आपल्या दिव्यांचा ताल! २०१७ साली युक्रेन व मोल्दोव्हा यांनी युरोपीय जाळ्याच्या चालकांशी करार केला. कोणत्या कसोट्या पार पडल्यावर जोड द्यावयाची, हे त्यात ठरले. प्रत्यक्ष जोड २०२३ मध्ये व्हावयाची होती. तत्पूर्वी तीन दिवस स्वबळावर चालून दाखविण्यासाठी २४ फेब्रुवारी २०२२ रोजी या देशांनी रशिया व बेलारूसकडील दुवे तोडले. त्याच पहाटे रशियाने आक्रमण केले. मागचा दुवा तुटलेला आणि पुढचा जुळलेला नाही, अशा स्थितीत ते जाळे सुमारे तीन आठवडे एकटे तग धरून राहिले. १६ मार्च रोजी युरोपने ते आपल्याशी जोडून घेतले.

वर्षभराचे काम तीन आठवड्यांत झाले, ते केवळ दयाबुद्धीने नव्हे. पाच वर्षे नियमांची आणि यंत्रांची तयारी चालली होती, म्हणून झाले. पुढे ऑक्टोबर २०२२ पासून वीजव्यवस्थेवर क्षेपणास्त्रे पडू लागली, तेव्हा याच जोडणीवरून शेजाऱ्यांची वीज घेता आली. अंधार सर्वस्वी टळला नाही. परंतु युक्रेन एकाकी राहिला नाही.

मात्र शेजाऱ्याच्या भरवशावर निर्धास्त राहणेही योग्य नव्हे. २८ एप्रिल २०२५ रोजी विद्युद्दाब आवरता न आल्याने स्पेन व पोर्तुगाल भर दुपारी विजेविना ठप्प झाले. फ्रान्स व मोरोक्को यांच्या विजेने जाळे पुन्हा उभे करण्यास हातभार लावला. पडलेल्यास शेजारी हात देतो. तोल सांभाळणे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

तात्पर्य एवढेच, की संकटातील साह्य ज्या तारेवरून यावयाचे, ती तार शांततेच्या दिवसांतच ओढून ठेवावी लागते.