उन्हाळ कांद्याची काजळी : दिसते चाळीत, सुरू होते शेतात

(गंगापूर रोड, नाशिक येथे कांदा उत्पादकांपुढे दिलेले भाषण)



एप्रिलमध्ये काढलेला कांदा आपण चाळीत भरतो तो पुढे चांगला भाव मिळेल या आशेने. पण पावसाळी हवा लागली की कांदा उचलताना हाताला काळी भुकटी लागते. हीच काजळी. बटाट्याच्या सालीवर चंदेरी चट्टे पाडणारी बुरशी असते, तशी ही कांद्याच्या सालीवरची. तिचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस नायगर.

ही बुरशी जमिनीत, बियाण्यावर व वाळलेल्या पातीवर असते. कांद्याची ओली मान आणि काढणीतील जखमा हे तिचे दरवाजे. वरच्या सुक्या सालीखाली ती वाढते. ३० ते ३५ अंश तापमान आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता तिला फार मानवते. म्हणून चाळीत भुकटी टाकून इलाज होत नाही. दरवाजे आधीच बंद करावे लागतात.

त्यासाठी पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी :

१) साठवणुकीसाठी एन-२-४-१ सारखी टिकाऊ जात निवडावी. लागवडीनंतर ६० दिवसांनी नत्र देऊ नये. माना जाड होतात.

२) काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी.

३) कांदा शेतातच तीन ते पाच दिवस पातीसह सुकवावा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असे पसरावे, म्हणजे ऊन लागत नाही.

४) इंचभर मान ठेवून पात कापावी. नंतर दहा ते बारा दिवस सावलीत पातळ थरात सुकवावा.

५) जोड, डेंगळे, जाड मानेचे व जखमी कांदे चाळीत भरू नयेत, ते आधी विकावेत.

६) चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावी व तिला खालून हवा मिळावी. एक पाखी चाळ उत्तर-दक्षिण, दुपाखी पूर्व-पश्चिम बांधावी. कांद्याचा थर चार ते पाच फुटांपेक्षा उंच नसावा.

७) भरण्यापूर्वी मागील वर्षाची साल, पात झाडून काढून नष्ट करावी. पावसाळ्यात ओल आत येऊ देऊ नये.

पूर्वी कोणी कोणी चाळीत बी.एच.सी. पावडर मारीत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. शिवाय ते कीटकनाशक. बुरशीवर त्याचा उपयोग नाही, आणि कांदा तर खाण्याचा आहे.

काजळी लागलेला कांदा पुसून पुन्हा चाळीत ठेवावा काय, असे नेहमी विचारले जाते. ठेवू नये. वरच्या सालीपुरती काजळी असेल तर तो निवडून लगेच विकावा. आत मऊ झालेला कांदा चाळीपासून दूर खड्ड्यात पुरावा. असा कांदा बीजोत्पादनासाठी लावू नये. बुरशी बियाण्यातून पुढच्या पिकात जाते.

कांदा-लसणाच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राची सुरुवात १९९४ मध्ये नाशिकलाच झाली; १९९८ मध्ये ते राजगुरूनगरला गेले. तेथील शिफारशी आणि आपला अनुभव एकच सांगतात : भाव आपल्या हातात नाही, पण कांदा किती सुकवून चाळीत भरायचा, हे मात्र आपल्याच हातात आहे.