चाक कुणाच्या हाती?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची हेली डीगन मोटारशर्यतीत उतरते. वडील ब्रायन डीगन मोटोक्रॉसमधले नावाजलेले खेळाडू. लहानपणीच तिच्या हाती चाक आलं. २०१८ मध्ये, सतराव्या वर्षी, आयडाहोतल्या मेरिडियनला तिनं नॅसकारच्या पश्चिम विभागीय मालिकेतली स्टॉक कार शर्यत जिंकली. त्या मालिकेत बाईनं शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

कुणी म्हणेल, बापाची पुण्याई! खरंच आहे. गाडी, टायर, मेकॅनिक, सगळ्याला पैसा लागतो. पण शर्यतवाल्याच्या मुलाला हे कुणी ऐकवतं का? घरचं कसब मुलाकडे गेलं तर तो वारसा, मुलीकडे गेलं तर मेहेरबानी!

आणि जिला असं घर नाही तिचं काय? जेनेट गथ्री इंजिनिअर होती. १९७७ मध्ये डेटोना ५०० शर्यतीत उतरलेली ती पहिली बाई, बारावी आली. पुढं प्रायोजक मिळेनात म्हणून तिला थांबावं लागलं.

म्हणून आपली मागणी दुहेरी हवी. घरात मुलीचा वाटा, आणि जिच्यामागं घर नाही तिच्यासाठी बाहेरचं दार उघडं.