मुलीला गणित सोडायला लावू नका



संख्यात्मक अर्थशास्त्र शिकून मुलगी करणार काय, असे आपण विचारतो. उत्तर आपल्या चुलीपाशीच आहे. आपला घाट चढला की पुणे. तेथील गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी, रोज माणशी २२५० उष्मांकांचे अन्न मिळायचे तर खर्च किती, याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये! खेड्यांतील सुमारे ४० टक्के लोकांना तेवढेही जमत नव्हते, हे त्यांनी १९७१ साली दाखवले. भूक डोळ्यांना दिसत होतीच. मोजल्यावर ती नाकारता येईना.

ही विद्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत दोन वर्षांत शिकवतात. प्रवेशपरीक्षेला पदवीधर कोणत्याही शाखेची चालते. पण बारावीला गणित हवेच. आणि नेमके तेच आपण दहावीनंतर, "पुढे कुठे लागणार आहे?" म्हणून सोडायला लावतो. दार तेथेच बंद होते.

भिशीचा हिशेब पैन् पै जुळवणाऱ्या आपण तरी तसे म्हणू नये, एवढीच विनंती.